अक्षर सरळ पाहिजे

…आणि तुमाले सांगतो, अक्षराले स्पिरिट लेव्हल लावून पाहणारा माणूस मी जन्मात पहिल्यांदा पाहिला! गुलाबरावकाका. आमच्या रायपूरच्या मराठी मंडळाचे अध्यक्ष. रेल्वेत रूळ तपासता तपासता रिटायर झाले, पण रूळ काही डोक्यातून गेले नाही. मंडळाच्या कबड्डी टीमच्या जर्सीसाठी मी टीमचं नाव रेखाटलं, 'वैनगंगा वॉरियर्स'. रुंद, दमदार अक्षरं, वेलबुट्टी नाही, शेपट्या नाही, वरची रेघ सपाट आणि दांडे सगळे उजवीकडे झुकलेले, जसा खेळाडू चढाईले निघते तसे! अकरा दिवस लागले मले. मंडळाच्या बैठकीत प्रिंट भिंतीवर चिकटवला, तर काकांनी पिशवीतून ती बुडबुड्याची लेव्हल काढली. "पोट्ट्या, हे पडून राहिलं. अक्षर सरळ पाहिजे!"

"पडून नाही काका, धावून राहिलं."

"मग थांबव त्याले."

आता मी काहून ऐकून घेत होतो? कारण इंजिनिअरिंग मी तिसऱ्या सेमिस्टरले सोडलं, आणि बाबांनी अट घातली… मंडळानं डिझाईन पास केलं तर राहा भनपुरीच्या त्या फ्लेक्सच्या दुकानात कामाले, नाही तर सोमवारपासून सिलतऱ्याचा लोखंडाचा प्लांट, गेटवर उभा राहून ट्रकचे नंबर लिही!

तेवढ्यात मंदाकिनीकाकू, रिटायर शिक्षिका, चष्मा नाकावर घेऊन… "माझ्या वर्गात असं लिहिलं असतं, तर दहातले दोन दिले असते हो." मी म्हटलं, काकू, तुमच्याच वर्गात तर माझं शाळेवरून मन उडालं! बाजूले बसलेल्या बाबांनी मांडीले असा चिमटा काढला, अजून निळं आहे.

मी कॅप्टनकडे पाहिलं. यशदीप. मैदानात एकटा सात जणांले भिडते, इथं चहाच्या कपामागं लपला. "भैया, मस्त तो है… पर अंकल लोग जो बोलें।"

अंकल लोकांनी हात वर केले. अकरा हात, सगळे साठीच्या पुढचे, आणि त्यातल्या एकालेही ही जर्सी घालायची नाही! अक्षर सरळ पाहिजे, मंजूर!

केलं सरळ. काय करता? सिलतरा डोळ्यासमोर! एवढी रुंद अक्षरं उभी केली तर कपाटांची रांग दिसून राहिली, जर्सी नाही, फर्निचरचं दुकान. पुढच्या बैठकीत काकांनी पुन्हा लेव्हल लावली. बुडबुडा मधोमध. "आत्ता कसं!" टाळ्या! बाबांच्या डोळ्यांत पाणी, पोरगं मार्गाले लागलं म्हणून.

दुसऱ्या दिवशी सकाळीच काका दुकानात हजर. त्यांची पंचाहत्तरी, बॅनर पाहिजे, दहा बाय वीस. "अक्षर कसं पाहिजे माहीत आहे ना?" हव काका. मग पिशवीतून स्वतःचा फोटो काढला. गॉगल, मफलर आणि मान अशी तिरकी, की कान खांद्याले टेकते. मी म्हटलं, काका, मानही सरळ करून देऊ का?

"हात नको लावू! ती माझी स्टाईल आहे."

हव, काका.