काजळाची तीट राहू द्या

आजच्या समारंभाचे अध्यक्ष माननीय किसनराव, व्यासपीठावर बसलेले वीज कार्यालयातले साहेब, सत्कारमूर्ती गुलाबसिंगभाऊ राठोड, माझ्या आयाबहिणींनो आणि नेरच्या सुजाण नागरिकांनो, तुम्हा सर्वांना या कौसल्याचा मनापासून नमस्कार. आणि संघदीप, बाबा, तुझा कॅमेरा माझ्याकडे फिरव, साहेबांकडे फिरव, पण पहिल्या रांगेत सुनेच्या मांडीवर माझी नात बसली आहे, तिच्याकडे आत्ता नको. का नको, ते सांगायलाच उभी आहे.

मीटरचा आकडा घ्यायला आलेला माणूस घरात किती वेळ थांबतो? आकडा टिपला की गेला. आपले गुलाबसिंगभाऊ मात्र मीटर पाहून झालं की भिंतीकडे पाहायचे. तिथं एखाद्या लेकराचा जुना फोटो असला, शेजारी कुत्रं असलं आणि गालांना ब्रशानं गुलाबी रंग दिलेला असला, की यांचा पाय निघत नसे. बाजारात लालसिंग फोटोवाले होते, जुन्या मंडळींना आठवत असतील. त्यांचं एक पांढरं केसाळ कुत्रं होतं. नाव टायगर, पण मांजराला भ्यायचं. रडकं लेकरू टायगरला हात लावला की गप्प होई आणि तेवढ्यात लालसिंग फोटो काढत. मग बसून त्यात रंग भरत. त्यातले सुंदर फोटो दुकानाच्या काचेत लागत, आणि कापडदुकानांच्या कॅलेंडरवर छापले जात. गुलाबसिंगभाऊंनी हौसेनं जमवलेले ते फोटो आज या वाचनालयात, मागच्या भिंतीवर आहेत. त्यात फ्रॉक घातलेलं, ओठ लाल केलेलं एक गोंडस बाळ आहे, ते आपले अध्यक्ष. हसू नका, त्या काळी मुलांनाही फ्रॉक घालत!

भाऊंची एक पद्धत होती. फोटो मागण्याआधी ते घरच्यांना विचारत, "हे लेकरू आज कुठं हाय?" उत्तर मिळाल्याशिवाय फोटोला हात लावायचे नाहीत. या एका प्रश्नाच्या धास्तीनं मी त्यांना कधी ओट्यावरून आत येऊ दिलं नाही.

माझा धाकटा भाऊ राजकुमार तेव्हा नुकता बोलायला लागला होता. लालसिंगांकडे नेताना आईनं त्याच्या गालाला काजळाची तीट लावली, मी पाहिली होती. नवीन वर्षाचं कॅलेंडर आलं, त्यावर टायगरच्या गळ्यात हात टाकून आमचा राजू! पण गाल कोरा, गुलाबी. रंग देताना लालसिंगांनी डाग समजून तीट झाकून टाकली होती. आईनं त्या गालावर बोट ठेवलं. "साऱ्या नेरची नजर माह्या लेकरावर, अन् गालावर तीट नाही!"

शिमग्यात राजूला ताप आला. त्यातून तो उठला नाही. पण कॅलेंडर तर वर्षभराचं. कोणाच्याही घरी जावं, तर भिंतीवर राजू हसतोय. आई बसायच्या आधी कॅलेंडर उलटं करायची. त्या वर्षी नेरमधल्या कितीतरी घरांत तारखा भिंतीकडे तोंड करून होत्या. आमच्या घरचं कॅलेंडर आईनं चुलीत घातलं.

मी पुढे मास्तरीण झाले. नजर लागणं हे खोटं असतं, असं पोरांना शिकवलं. आणि घरी? माझ्या मुलाचा लहानपणचा एक फोटो नाही. नातीच्या, समीक्षाच्या बारशाला मी दारात सूप घेऊन उभी होते, पाहुण्यांचे मोबाइल त्यात ठेवून घ्यायला! लोक हसले. मला हसू येत नव्हतं, भीती वाटत होती. ती आजही वाटते आहे.

गेल्या महिन्यात गुलाबसिंगभाऊ फोटो घेऊनच आले. लालसिंगांच्या नातवाकडे जुन्या पेटीत सापडलेला, राजूचा. मी म्हणाले, उलटा ठेवा. तर म्हणाले, "बाई, म्या या साऱ्या लेकराईले शोधलं. तीट कोणाच्याच गालावर नाही. लालसिंग साऱ्याईची पुसत जाय. तरी बाकीचे जगले. हे किसनराव पाहा, नातवंडं खेळवून राह्यले."

मी विचारलं, "मंग माहाच भाऊ काहून?"

भाऊंनी फोटो सुलटा करून माझ्यापुढं सरकवला. भीतीला का दाखले देऊन समजावता येतं? पण मी फोटो पाहिला. आणि खरं सांगते, तो चेहरा मी पार विसरले होते. माझा सख्खा भाऊ! उजवा कान जरा बाहेर आलेला. आमच्या समीक्षाचाही तस्साच आहे. ते पाहून तर मी जास्तच घाबरले. सून प्रियंका शेजारी उभी होती. ती हळूच म्हणाली, "आई, मामाचा फोटो तरी हाय. हिचा काय राहीन?"

त्या रात्री मला झोप लागली नाही.

गुलाबसिंगभाऊ उद्या लेकीकडे नागपूरला निघाले. त्यांनी निरोपाला शाल मागितली नाही, नारळ मागितला नाही. त्यांना संग्रहात शेवटचा फोटो हवा आहे, समीक्षाचा. वाचनालयाचं कुत्रं दारात बसलेलंच आहे. रंग भाऊ स्वतः भरणार आहेत, आणि तीट झाकणार नाही असा शब्द त्यांनी दिला आहे.

प्रियंका, आण तिला. काजळाची डबी पिशवीतच आहे माझ्या. तीट जरा मोठीच लागली गं. असू दे.

भाऊ, तुम्ही माझा राजू मला परत दाखवला, तुमचे उपकार कसे फेडू? अध्यक्षांचे, पाहुण्यांचे आणि एवढा वेळ ऐकून घेतलंत त्या सर्वांचे आभार. बोलण्यात काही अधिक-उणं झालं असेल तर ते पोटात घाला. संघदीप, काढ आता. आणि फोटोत माझे डोळे मिटलेले आले, तर तेवढंही सांभाळून घ्या.