नव्या स्कीखालचं लिंबू

तुम्ही हसाल, पण ऐका. बर्फावर घसरायच्या लांब पट्ट्या असतात ना, स्की, त्या घ्यायला मुलीबरोबर इथे बहारीनमध्ये सीफच्या मॉलमध्ये गेलो होतो. मला वाटलं, सुट्टीत बर्फाच्या डोंगरावर जाणाऱ्या जावयासाठी असतील. दुकानदाराने विचारलं, "वजन कितना?" आणि आमची मनीषा स्वतःचं वजन सांगायला लागली. सायकलवरून पडून दोनदा हात मोडून घेतलेली पोरगी ही.

दुकानदार मला समजावू लागला, "अंकल, ये भारी है, स्पीड में हिलेगी नहीं. ये हलकी है, इसमें मस्ती है. और ये बीचवाली दोनों करती है."

"जड घे," मी म्हणालो.

"बाबा, ती वळायलाच तयार नसते," म्हणत तिने मधली घेतली.

सनाबिसला घरी येताच तिने हॉलमध्येच बूट घालून स्की चढवल्या. मी आयुष्यभर ड्रायव्हर. लिंबावरून नेल्याशिवाय नवी गाडी कधी रस्त्यावर काढली नाही. म्हणून दोन्ही स्कीखाली एकेक लिंबू ठेवलं.

"हं, आता टाक पाऊल पुढे."

तिने टाकलं. लिंबं फिरली आणि पोरगी गुळगुळीत फरशीवरून थेट बाल्कनीच्या काचेकडे निघाली. मी तिच्यामागे धावलो. तिने गुडघे वाकवले, अंग वळवलं आणि काचेच्या जेमतेम अलीकडे थांबली.

मग ती हळूच म्हणाली, "बाबा, आता काळजी सोडा. डोंगरावर तुम्ही आणि तुमची लिंबं नसणार."