फेट्यासकट उंची

मंडळी, एक प्रश्न विचारतो! नीट ऐका. माणूस वाकत नाही म्हणून त्याची कंबर धरते, की कंबर धरते म्हणून तो वाकत नाही? सांगा! ... कुणी बोलेना. अहो, पहिल्या रांगेतले तरी बोला! मगाशी प्रसादाचे द्रोण वाटताना तर सगळ्यांची तोंडं चालली होती!

पेटीवाले बुवा हसतायत. हसा! त्यांना उत्तर माहीत आहे, ते माझ्याबरोबर गावोगाव फिरतात. पण तुम्हाला आख्यान ऐकल्याशिवाय सुटका नाही. ऐका!

एक गाव होतं. नाव सांगत नाही — सांगितलं तर पुढच्या साली तिथलं कीर्तन जायचं! उसाचा मुलूख, गुऱ्हाळं, गूळ, म्हशी, आणि गावाला देव भैरोबा. दर रविवारी भैरोबाची पालखी निघायची, देवळापासून वेशीपर्यंत आणि परत. पुढच्या दांडीला दोन खांदे. एक हैबतरावाचा, एक तुळशीरामाचा. सख्खे चुलत भाऊ. हैबतराव थोरला, तुळशीराम धाकटा. तीन पिढ्यांचा मान, बरं का!

आणि त्या गावची एक रीत. देवळातून निघाली पालखी, की वडापाशी यायची. तिथं थोरल्यानं हाक द्यायची, "पालट!" धाकट्यानं ओ द्यायची, "आलो!" की दोघांनी बाजू बदलायची. डावीकडचा उजवीकडे, उजवीकडचा डावीकडे. का? अहो, ओझं देवाचं असलं तरी खांदा माणसाचाच ना! एका बाजूनं किती वाहणार? आपल्या वाडवडिलांना अक्कल होती. ही रीत लक्षात ठेवा, पुढं लागणार आहे. लग्नातल्या अहेरासारखी विसरू नका!

तर झालं काय? तुळशीराम झाला दूध डेअरीचा चेअरमन! आणि पडला कोण? हैबतराव! मंडळी, परका निवडून आला तर माणूस एक दिवस जेवत नाही. भाऊबंद निवडून आला तर? वर्षभर पचत नाही!

त्याच आठवड्यात देवळात कीर्तन होतं. कीर्तन संपलं की तिथं एकमेकांच्या पाया पडायची पद्धत. तिथं थोर-धाकटं काही नाही, गरीब-श्रीमंत नाही. समोर जो असेल त्याच्या पायावर डोकं. तुळशीराम आला, हैबतरावाच्या पायावर डोकं ठेवलं. आता हैबतरावानं वाकायचं. सगळं देऊळ बघतंय. आणि हा पठ्ठ्या उभा! खांबासारखा उभा!

"अण्णा..." तुळशीराम म्हणाला.

"कंबर धरलीय माझी," हैबतराव म्हणाला. "वाकता येत न्हाई."

बरं, दुखत असेल! माणसाची कंबर दुखू नये का? तुळशीरामानं खरं मानलं. पण बाहेर आल्यावर काय झालं? हैबतरावाची एक चप्पल सापडेना! कोऱ्या चपला, कोल्हापुरी, करकर वाजणाऱ्या! हा गडी वाकला की टुणकन! या ढिगात बघ, त्या ढिगात बघ, पायरीखाली डोकं घाल — पार दुमडून गेला! आणि वर बघतो तर समोर तुळशीराम उभा.

तुळशीरामाचे डोळे भरले. रागानं नव्हे, मंडळी. त्याला वाईट वाटलं. चपलेसाठी वाकतो आणि माझ्यासाठी नाही? त्यानं पाठ फिरवली, आणि त्या दिवसापासून अबोला.

आता पुढचा रविवार. पालखी वडापाशी आली. "पालट" म्हणायचं कुणी? थोरल्यानं. हैबतराव बोलतो का? छे! तोंड शिवलेलं. आणि हाकच नाही तर धाकटा ओ कशाला देईल? गेली पालखी तशीच, एकाच खांद्यावर, वेशीपर्यंत आणि परत! पुढच्या रविवारी तेच. त्याच्या पुढच्या रविवारी तेच.

आणि मंडळी, देवाची गंमत बघा! खोटी सांगितलेली कंबर खरीच धरली! सकाळी अंथरुणातून उठताना "आई गं", मोरीत तोंड धुताना "अगं आई", शिंक आली तर भिंत धरून शिंकायचं! हौसाबाई — म्हणजे हैबतरावाची मंडळी — एरंडेल चोळून दमली. कुणी म्हणालं पायाळू माणसाची लाथ खा. तीही खाल्ली! पायाळू म्हणजे पायाकडून जन्मलेला, अशा माणसाच्या पायानं उसण जाते म्हणतात. उसण गेली नाही, बरगडी मात्र दुखायला लागली.

शेवटी देवळाचे पंच घरी आले. म्हणाले, "हैबतराव, यात्रा आली. तुमचा खांदा वाकडा पडतोय, पालखी कलती जातीय. यात्रेपर्यंत बरं वाटलं तर मान तुमचा. नाहीतर यंदापासनं मान पुढल्या घराला."

हैबतराव मनात म्हणाला, आज्यानं वाहिली, बापानं वाहिली, आणि माझ्या हातनं जाणार? रात्रभर डोळ्याला डोळा नाही. सकाळी पुण्याच्या पोराला फोन. पोरगा म्हणाला, "बाबा, डॉक्टरना विचारतो, एक यंत्र पाठवतो. त्यावर उलटं टांगून घ्यायचं. पाठीला ताण बसतो, मणके मोकळे होतात."

काय यंत्र म्हणता! लोखंडाचा घोडा, त्यावर फळी, फळी मधोमध खुंट्यावर फिरणारी. एका टोकाला पाय अडकवायचे. हात हळूहळू डोक्यावर न्यायचे, की फळी कलते, डोकं खाली, पाय वर! हात खाली आणले की परत सरळ. तालुक्याच्या डॉक्टरनं रक्तदाब बघितला, सगळं बघितलं आणि सांगितलं, "चालेल. पण थोडंच कलायचं, पार उलटं व्हायचं नाही. त्यासाठी हा पट्टा आहे, तो सोडायचा नाही. आणि एकट्यानं अजिबात करायचं नाही!"

तीन गोष्टी सांगितल्या. हैबतरावानं किती ऐकल्या? तबलजी, तुम्ही सांगा! ... बरोबर!

आता त्या यंत्राचा एक कायदा. पायाकडच्या दांडीला भोकं, भोकाशेजारी उंचीचे आकडे. आपल्या उंचीचं घर धरून खीळ बसवायची, तर तोल बरोबर राहतो. हैबतराव चौकटीला पाठ लावून उभा राहिला. "घे गं माप."

हौसाबाई कोळसा घेऊन आली. "अवो, फेटा काढा की!"

"फेटा काढला तर त्यो हैबतराव कसला?"

घेतलं माप फेट्यासकट! मंडळी, हसू नका. आपण सगळे आपापली उंची फेट्यासकटच मोजतो! कुणाच्या फेट्यात नोकरी असते, कुणाच्या फेट्यात गाडी. आमच्यासारख्या बुवांच्या फेट्यात तर श्रोत्यांची गर्दीच मोजलेली असते!

हौसाबाई म्हणाली, "मी देवळात डाळ निवडायला जाते. भंडारा हाय. मी आल्याशिवाय चढायचं न्हाई त्यावर!"

"बरं बरं."

नवऱ्याचं "बरं बरं" म्हणजे काय, हे बायकांना मी सांगायला नको. तिनं कुत्रं शिरू नये म्हणून दाराला बाहेरून कडी घातली आणि गेली. कडी वाजली, तसा हैबतराव फळीवर!

पाय अडकवले. हात डोक्यावर नेले. फळी हलेना! आणखी ताणले. हलेना! हलेल कशी? फेट्याची उंची धरलेली, सगळा भार पायाकडे गेलेला. उपाय काय? खीळ काढायची, एक घर खाली यायचं, बसवायची. चहा गाळायला लागतो त्यापेक्षा कमी वेळ! पण हैबतराव म्हणतो, "खाली? मी?"

मग त्यानं काय केलं असेल? कोपऱ्यात गुळाची ढेप होती. उतरला, कण्हत कण्हत ढेप उचलली आणि फळीच्या डोक्याकडच्या टोकाला बांधली. कशानं बांधली? डॉक्टरनं सोडू नका म्हटलेला पट्टा सोडला, त्यानं बांधली! शाबास! इथं आम्ही एक ओवी जोडली आहे. संतांची नाही, आमचीच आहे, म्हणून चाल जरा सोपी —

फेटा धरिला उंचीत, ढेप बांधली उशाला,
एक घर खाली येना, देव हसतो आडोशाला!

परत चढला. पाय अडकवले. हात वर नेले — आणि फळी फिरली, गर्रकन, धडाम! डोकं थेट खाली! पाय आढ्याकडे! फेटा सुटला तो उलगडत उलगडत पार उंबऱ्यापर्यंत गेला! आता वर यायचं. हात खाली आणले, फळी येईना. ढेप सोडतेय होय! पट्ट्याची गाठ हाताला येईना. पाय कड्यात गच्च.

"अगं एऽऽ! हौसाऽऽ!" ऐकतं कोण? देवळावर भोंगा लागलेला! आणि त्यातच ओळीनं मुंगळे निघाले. गुळाचा वास! भिंतीवरून खाली, ढेपेवर, आणि ढेपेवरून हैबतरावाच्या मिशीवर!

डोकं जड व्हायला लागलं. कानात ठणठण. गडी घाबरला, मंडळी. आत्तापर्यंत मीही चेष्टा केली, पण तो खरंच घाबरला. मान राहू दे, यात्रा राहू दे, आपण असेच लटकून जातो की काय, असं त्याला वाटलं.

मधल्या भिंतीपलीकडे तुळशीरामाचं घर. त्यानं धडाम आवाज ऐकला. कण्हणं ऐकलं. अंगणात आला. पण अबोला! बोलायचं कसं? आता आपल्याकडे अबोल्याचीही एक रीत आहे. मधे कुणीतरी धरायचं आणि त्याच्याशी बोलायचं. अंगणात हैबतरावाची म्हैस बांधलेली. तुळशीराम म्हशीला म्हणतो, "म्हशे, तुझ्या मालकाला इचार, आवाज कसला झाला?"

आतून उलट्या तोंडानं उत्तर, "म्हशे, त्याला सांग, काय झालं न्हाई! मी निवांत हाय!"

बघा! मिशीवर मुंगळे, आणि निवांत आहे!

"म्हशे, मालक कण्हत का हाय?"

"म्हशे, डेअरीच्या चेअरमनला म्हणावं, आपलं दूध बघ!"

म्हैस रवंथ करत होती. दोघांपेक्षा शहाणी! तुळशीराम म्हणाला, "बरं. म्हशे, मी जातो." आणि वळला. पावलं लांब जायला लागली. एवढ्यात एक मुंगळा नाकपुडीपाशी आला, आणि हैबतराव ओरडला —

"तुळशाऽऽ! जाऊ नगंस रे!"

मंडळी, म्हैस मधून बाजूला झाली! सरळ नाव घेतलं! तुळशीराम धावला, कडी काढली, आत आला आणि यंत्रापुढं उभा राहिला. काय दिसलं त्याला? अण्णाचं डोकं आपल्या पायापाशी! अण्णाचे दोन्ही हात जमिनीला लागलेले, आधार शोधत शोधत तुळशीरामाच्या पायांवर आलेले! देवळात सगळ्या गावासमोर जे झालं नाही, ते इथं झालं.

तुळशीराम झटकन मागं सरला. "अण्णा! तू थोरला! तू कशाला पाया पडतोस?"

"गप उभा ऱ्हा," हैबतराव म्हणाला. रडत होता. उलट्या माणसाचं पाणी गालावर येत नाही, मंडळी, कपाळावरून केसांत जातं. "ऱ्हायलं हुतं माझं. त्या दिवशीचं."

तुळशीराम परत पुढं सरला. त्याला थोरल्याच्या पाया पडायचं होतं, पण थोरल्याचे पाय कुठं? वर! बरोबर त्याच्या कपाळासमोर! जरासुद्धा न वाकता त्यानं अण्णाच्या पायांवर कपाळ टेकलं. आणि मग दोघंही हसायला लागले. रडतायत आणि हसतायत! ढेप हलतेय, मुंगळे पळतायत!

मग तुळशीरामानं एका हातानं फळी धरली, ढेप सोडली आणि हळूहळू, बाळ पाळण्यातून उचलावं तसं अण्णाला सरळ केलं. पाणी पाजलं. मिशी पुसली. विचारलं, "लई दुखतंय का?"

"डावी बाजू पार गेलीय रं."

तुळशीरामानं आपली उजवी कूस धरली. "माझी उजवी गेलीय. कुणाला सांगितलं न्हाई."

डॉक्टरला जे सापडलं नाही, ते त्यांना तिथं जमिनीवर बसून सापडलं. कितीतरी रविवार एक हाक द्यायची राहिली होती!

मग? यंत्र टाकून दिलं का? नाही हो! यंत्र बिचारं चांगलं होतं! खीळ एक घर खाली आली, पट्टा जागेवर गेला, ढेप भंडाऱ्याच्या शिऱ्यात गेली. रोज सकाळी थोडंसंच कलायचं, तुळशीराम शेजारी उभा. मग तुळशीराम फळीवर, हैबतराव शेजारी. फेटा खुंटीला! हौसाबाई दोघांना चहा देता देता म्हणायची, "औषध कुठलं लागू पडलं, भैरोबा जाणे!"

यात्रेचा दिवस उजाडला. पंच डोळे लावून बसलेले. पालखी उठली. चांगभलंचा गजर! दोघा भावांचा खांदा पुढं. हैबतरावाची कंबर पुरती बरी नव्हती, मला खोटं सांगायचं नाही. कळ येत होती. वड जवळ आला. सगळं गाव कान देऊन उभं राहिलं, कारण गावाला सगळं माहीत असतं. आणि हैबतरावानं मान वर केली —

"तुळशाऽऽ! पालट!"

"आलो अण्णा!"

पालखी क्षणभर थांबली, बाजू बदलल्या, आणि सरळ निघाली. मान कुणाकडं जायचा, हे पंचांनी विचारलंसुद्धा नाही.

तर मंडळी, मगाशी प्रश्न विचारला होता. आता उत्तर विचारत नाही. मी काल या गावात आलो. दोन घरी चहा घेतला. घरं शेजारी, अंगण एक, मधे तारेचं कुंपण. एक जण आत्ता खांबाला टेकून बसलाय, दुसरा पार तिकडं माईकच्या खांबापाशी. नाव घेणार नाही! दोघांनीही चहा देताना मला एकच सांगितलं — "बुवा, कंबर लई दुखतीय."

आता कीर्तन उरकतो. टाळ खाली ठेवा. उठायचं आणि शेजारच्याच्या नव्हे, ज्याच्याशी बोलणं नाही, त्याच्या पाया पडायचं. कंबर दुखत असेल त्याला माफी आहे! त्यानं खुशाल ताठ उभं राहावं. फक्त एक सांगून ठेवतो — बाहेर चपलांचा मोठा ढीग पडलाय, आणि कोण कोण टुणकन वाकतंय, ते मी या पायरीवर उभा राहून बघणार आहे!

म्हणा, भैरोबाच्या नावानं — चांगभलं!