चालीखालचं नाव

बाबा : ...म्हणजे कुणीही नेटवरून उचलायची तुझी चाल, आपल्या फिल्मला लावायची आणि तुला छदामही द्यायचा नाही?

लेक : हो. खाली नाव लिहायचं, एवढीच अट.

बाबा : वा! फुकट ते पौष्टिक! चाळीस वर्षं व्हायोलिन वाजवलं मी, एक कार्यक्रम फुकट केला नाही.

लेक : आणि आज कितीजणांना आठवतंय तुमचं वादन?

बाबा : चोळ, अजून मीठ चोळ.

लेक : तसं नाही हो, ऐका तरी. चाली फुकट होत्या म्हणून सातशे जणांनी वापरल्या. त्यातल्याच एका बाईंचं पत्र आलंय. नव्या फिल्मसाठी खास आठ चाली करून हव्यात त्यांना. त्याचे मात्र पैसे देणार, चांगले देणार. दुकानातली नोकरी सोडता येईल मला.

बाबा : अगं मग तोंड पाडून काय बसलीस? कळव की हो म्हणून!

लेक : पत्र तुम्हाला आलंय, बाबा. चालींखाली नाव तुमचं आहे.

बाबा : (व्हायोलिनची पेटी बाजूला सारत) माझं? मी कुठं केल्या त्या चाली?

लेक : गुरूच्या हयातीत चालीला शिष्याचं नाव लागत नाही, ही आपल्याच घरची रीत ना? तुमच्या चालींना आजोबांचं लागायचं.

बाबा : कर्म माझं! गुरूचं नाव वाजवण्याआधी तोंडानं घ्यायचं असतं, चालीखाली लिहायचं नसतं. इतकी शिकलीस आणि एवढं कळू नये?

लेक : चुकलं. आता तुम्ही फक्त हो म्हणा. चाली मी करते. कुणाला कळणार आहे?

बाबा : मला कळेल ना. मनगट गेलंय माझं, लाज नाही गेली.

लेक : आणि खरं कळल्यावर त्यांनी काम काढून घेतलं तर? जन्मभर गल्ल्यावर बसू मी?

बाबा : आजोबा जाऊन किती वर्षं झाली, सांग. माझ्या पंधरा चाली अजून त्यांच्याच नावावर आहेत. लोक माझ्या तोंडावर म्हणतात, बापानं केल्या, पोरानं वाजवल्या. अजून सलतं गं ते.

लेक : कधी बोलला नाहीत.

बाबा : कुणापाशी बोलायचं? बापाचं नाव खोडायचं? ते सोड. नंबर आहे ना पत्रात? लाव फोन.

लेक : लागला. घ्या.

बाबा : नमस्कार. तुम्ही पत्र ज्याला लिहिलंत तोच मी. पण बाई, त्या चाली माझ्या नाहीत. माझ्या लेकीच्या आहेत. मी तिला नुसतं वाजवायला शिकवलं.

बाई : अहो, मग नाव तुमचं कसं?

बाबा : आमच्या घरचा वेडेपणा. आता तुम्ही काय ते ठरवा.

बाई : ठरवायचं काय त्यात? मला हव्या होत्या त्या चाली. ज्यांनी केल्या त्यांच्याशीच करार करते. नाव काय लिहू?

बाबा : थांबा, तीच सांगेल. घे गं. आणि मोठ्यानं सांग, मलाही ऐकू दे.