चार नंबरची गादी

...आणि वरून म्हणे प्लॅस्टिक काढायचं नाही! म्हणजे बघा, जिवंत माणसाला दुकानाच्या काचेत निजवायचं, भर बाराच्या उन्हात, नव्याकोऱ्या फोमच्या गादीवर, आणि गादीचं प्लॅस्टिक तसंच, का तर डाग पडेल. माणसाला फोड आले तरी चालतील, गादीला डाग नको. कूस बदलली की चर्र, श्वास घेतला की कर्र, आणि पाठ अशी चिकटलेली की मला कुणी उठवायचं म्हणजे सोलूनच काढावं लागलं असतं...

तुम्हाला सांगतो, हे सगळं बाबांच्या गाद्यांच्या दुकानाला पंचवीस वर्षं झाली म्हणून. लोक अशा वेळी गिऱ्हाइकाला चहा पाजतात, आमच्या बाबांनी इतिहास पाजायचा ठरवला. काचेत ओळीनं पाच बिछाने, वर पाटी, ‘माणसाची झोप, गुहेपासून आजपर्यंत’, आणि पाच नंबरवर आजचा माणूस म्हणून मी. मीच का? तर कॉलेज अर्ध्यात सोडून घरी लोळतोच आहे, तर निदान दुकानात लोळू दे.

आता मी लोळत नव्हतो, हे आमच्या घरात कुणाला सांगणार? दुकानामागच्या खोलीत आमचे म्हातारे कारागीर कापूस पिंजतात, गाद्या भरतात. आठ महिने मी त्यांच्याकडे शिकतोय. कापूस कोपऱ्यापर्यंत सारखा कसा पसरायचा, दाभण आरपार नेऊन टाका किती ओढायचा... आणि बाबा ती खोली बंद करून तिथं फोमचं गोदाम करणार होते. मी अडून बसलो, तेव्हा अट घातली. संध्याकाळपर्यंत पाच नंबरला गिऱ्हाईक मिळालं तर खोली तुझी, नाही तर जूनपासून मुकाट्यानं कॉलेज. म्हणजे कापूस वाचवायचा तर फोम खपवायचा. या वडीलधाऱ्यांची डोकी कोण पिंजून देणार?

बरं, इतिहास सांगायला कोण, तर मोठे काका. इतिहासाचे मास्तर, निवृत्त झाले पण थांबले नाहीत. पडद्याची काठी घेऊन उभेच. एक नंबर, गवत. गुहेतली माणसं म्हणे गवताखाली राख पसरायची, किडे येऊ नयेत म्हणून. दोन नंबर, लाकडी फळी आणि उशाला ठोकळा. पिरॅमिडवाले म्हणे ठोकळ्यावर डोकं ठेवायचे, केस विस्कटायला नकोत. तीन नंबर, पडद्यांचा पलंग. राजा म्हणे पलंगावरूनच दरबार भरवायचा, समोर सरदार ताटकळत उभे... किडे आले, केस आले, सरदार आले, पण झोप लागली का, हे कुणी विचारलं नाही!

स्प्रिंगच्या गादीला काचेत जागाच नव्हती. बाबा म्हणाले, जागा कमी आहे. खरं म्हणजे दर आठवड्याला कुणीतरी पाठ धरून तिची तक्रार घेऊन येतं. इतिहास असा लिहितात, बरं का.

आणि चार नंबर, कापसाची गादी, त्यावर पाटी ‘कालबाह्य’. काका काठी आपटून सांगायचे, कापूस म्हणजे गाठी, कापूस म्हणजे ढेकूण, कापूस म्हणजे मागासलेपण. आता गंमत ऐका. दुकानात भरलेली कापसाची गादी एकही शिल्लक नव्हती, म्हणून बाबांनी सकाळी घरून आणायला लावली. कुणाची? त्यांची स्वतःची! रोज रात्री ज्यावर घोरतात ती! याच हिवाळ्यात मी उसवून, पिंजून, परत भरून दिलेली. पंचवीस वर्षं हा माणूस लोकांना फोम विकतो आणि घरी जाऊन कापसावर पडतो. लोकांना झोप लागली का, हे कुणी विचारलं नाही!

तर बारा वाजले, मी वितळत होतो, काका जेवायला गेले. म्हटलं, दोनच मिनिटं. प्लॅस्टिकवरून सुटलो तो थेट चार नंबरवर...

डोळे उघडले तेव्हा काचेबाहेर ही गर्दी. मी तोंड उघडं टाकून झोपलेला, आणि आत एक बाई बाबांना विचारत होत्या, “हा मुलगा ती भारी गादी सोडून हिच्यावर का झोपलाय हो?”

बाबा म्हणाले, “त्याचं काय घेऊन बसलात, कॉलेज सोडलंय त्यानं. त्याला काय कळतंय?”

तुम्हीच सांगा, गप्प बसायचं? मी तिथूनच म्हणालो, “बाई, ही विकायची नाही. ही यांचीच आहे. आमच्या घरात फोमवर कुणी झोपत नाही.”

बाबांचा चेहरा असा झाला की गुहेतला माणूस बरा. बाई म्हणाल्या, मग आम्हालाही अशीच भरून द्या. बाईंच्या मागे उभ्या असलेल्या आजोबांना दोन हव्या होत्या. संध्याकाळपर्यंत कारागिरांना मान वर करायला फुरसत नाही, आणि पाच नंबर प्लॅस्टिकसकट जागच्या जागी. अट मी हरलो होतो. पण बाबांना गाद्या भरायला माणूस हवा होता, आणि दाभण धरता येणारा घरात मी एकटा. मी सरळ सांगितलं, कॉलेजला जाणार नाही, खोली बंद करू देणार नाही, काय करायचं ते करा.

त्यांनी केलं! रात्री घरात बैठक बसली, काका चौकशी करूनच आले होते. शय्या आणि गादी तंत्रज्ञान असा रीतसर अभ्यासक्रम निघालाय म्हणे. तीन वर्षांचा. बाबांनी डोळ्यांत पाणी आणून पाठीवर हात ठेवला, म्हणाले, तुझ्या मनासारखंच झालं बघ.

फॉर्म भरतोय. हजेरी पंचाहत्तर टक्के सक्तीची, आणि कापसाला हात लावायला मिळतो तिसऱ्या वर्षी.