काटा यायला थंडी लागते

…नाही पण मी म्हणते, हलवा चमच्याने हलवला तर काय आभाळ कोसळलं असतं? नाही! चमच्याने म्हणे काटा मोडतो! बोटांनीच फिरवायचा! खाली शेगडी, शेगडीवर पितळेची परात, परातीत तीळ, तिळावर चमचा-चमचा साखरेचा पाक, आणि त्या तापल्या परातीत पोरीची दहाच्या दहा बोटं गोल गोल गोल… आणि ते कुठे, तर बाल्कनीत, पहाटे पाचला, कारण घरात ऊब असते आणि उबेत हलव्याला काटा येत नाही, काटा यायला थंडी लागते! म्हणजे बघा हं, पाठ गारठलेली आणि बोटं भाजलेली, एकाच बाईची, एकाच वेळी! आणि कुणासाठी हे? नणंदेच्या तान्ह्या पोराचं बोरन्हाण आहे, त्याला हलव्याचे दागिने हवेत. बाजारात मिळत नाहीत? ढिगाने मिळतात! पण विकत कशाला आणायचे? ती काय, घरीच तर असते!

तुम्हाला सांगते, हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की आता माझ्या कानात बसून राहिलंय. मी खैरुन्निसा, तळवड्याला राहते, पहिल्या मजल्यावर. ही प्राजक्ता दुसऱ्या मजल्यावर, बरोबर माझ्या डोक्यावर. आणि आमच्या बिल्डरने स्लॅब असा टाकलाय की वर कुणी शिंकलं तर खाली आमचे हे रुमाल शोधतात. त्यामुळे मी कुणाच्या घरात कान लावत नाही हो, कसम आहे, त्यांचं घरच माझ्या कानात येतं, मी काय करू?

तर ही सोजराबाई, प्राजक्ताची सासू. मूळची इथलीच, बाई तशी वाईट नाही, पण जिभेला ब्रेक नाही. लेकीचा फोन आला की स्पीकरवर, आणि स्पीकरपेक्षा ही मोठी: "अगं, इकत कशाला घेतीस? ते थर्माकोलचं मनी लावत्यात त्यात! आमची प्राजक्ता करंल की! तिला काय काम हाय? घरीच तर असती!" काय काम हाय! तिसरीतला सार्थक, बालवाडीतली धाकटी, दोघांचे डबे वेगळे, एकाला वांगं चालत नाही, दुसरीला वांग्याशेजारी ठेवलेली भाकरीसुद्धा चालत नाही! थंडी आहे म्हणून डिंकाचे लाडू, थंडी आहे म्हणून बाजरी, थंडी आहे म्हणून नवऱ्याला आंघोळीला दोन बादल्या पाणी, मालोजीराव सेकंड शिफ्टवाले, उठणार दहाला, उठून म्हणणार, "चहा झाला का गं?" अरे बाबा, तिचा तर दिवस निम्मा झाला!

बरं, ही प्राजक्ता म्हणजे काही अशी तशी नाही. मेकॅनिकलचा डिप्लोमा! चाकणच्या कंपनीत इन्स्पेक्शनला होती, लग्नाआधी आणि लग्नानंतरही. काम काय, तर तयार झालेले नग तपासायचे. लोखंड कापलं की त्याच्या कडेला केसाएवढं कुसळ राहतं, त्याला ते लोक बर म्हणतात, डोळ्याला दिसत नाही पण बोटाला लागतं. आणि तेवढं एक कुसळ राहून गेलं की पुढे अख्ख्या गाडीची वाट! ही नुसतं बोट फिरवायची आणि सांगायची, हा पास, हा रिजेक्ट. डोळे मिटून! तिथले साहेब दौलतराव, ते म्हणायचे म्हणे, या मुलीच्या बोटात देव आहे. मग सार्थक झाला, पाळणाघर मिळेना, सोजराबाईंचे गुडघे दुखायला लागले, आणि आठ वर्षं झाली, बोटातला देव भांडी घासतोय.

आणि शनिवारी दुपारी काय व्हावं? त्याच दौलतरावांचा फोन! ही धावत खाली माझ्याकडे, चपलासुद्धा घातल्या नाहीत. "चाची, साहेबांनी बोलावलंय! म्हणाले, कंपनीने कॅमेरे आणले, मशीन आणलं, पण तुझ्या बोटाला जे कळायचं ते त्या मशीनला दिसत नाही. सोमवारी दहाला ये, नव्या मॅनेजरसमोर वीस नग तपासून दाखव, जागा तुझी!" अहो, चेहरा काय सांगू तिचा! आठ वर्षांत मी ती पोर अशी हसलेली बघितली नव्हती. माझ्याच डोळ्याला पाणी आलं. मी साखर आणायला वळले, तर म्हणते, "साखर नको हो चाची, दोन दिवस साखरच बघतेय!"

कारण शुक्रवार-शनिवार हलव्याच्या दोन पहाटा झालेल्या, तिसरी राहिलेली. हलव्याला तीन दिवस पाक चढवायला लागतो, मगच काटा नीट उभा राहतो. मी म्हटलं, "प्राजक्ता, दे सोडून. आहे तो हलवा बांध दोऱ्यात आणि दे." तर काय म्हणाली? "चाची, निम्मे दाणे बोथट आहेत. बोथट माल माझ्या हातून जायचा नाही." घ्या! इन्स्पेक्टरीण! कंपनी आठ वर्षांपूर्वी सुटली पण खोड सुटली का? इथेच घोडं पेंड खातं हो, सासूने केलं ते केलंच, पण ही एक गोष्ट हिने स्वतः केली. आणि बोटांचं विचारलं तर म्हणते, काही नाही, दुखतसुद्धा नाहीत. दुखतील कशी? पहाटेच्या त्या गारठ्यात बोटं बधिर! चटका बसला तरी कळणार कुणाला?

नवऱ्याला सांगितलं तिने. मला वरून ऐकू आलं ना! "बघ बाई, तुझी इच्छा असेल तर जा. माझी काय ना नाही. फक्त घरचं सगळं आवरून जा." किती मोठं मन! नुसतं घरचं सगळं!

आता थांबा, अजून सार्थकची शाळा राहिली! रविवारी सकाळी, तिसरी परात उतरवून ही जरा टेकतेय, तर तो पठ्ठ्या दप्तरातून चुरगळलेला कागद काढतो. "मम्मी, उद्या विंटर डे आहे. इग्लू न्यायचाय." इग्लू! बर्फाचं घर! अहो, या पोराने जन्मात बर्फ बघितला तो रसवंतीवर, गोणपाटात गुंडाळलेला! आणि ग्रुपवर मॅडमचा आवाज, तो मी ऐकलाय, साखरेत घोळलेला: "डिअर मॉम्स, क्राफ्ट मुलांनी स्वतः केलेलं हवं हं! आणि ट्रॅडिशनल विंटर फूड म्हणून तीळ लावलेल्या बाजरीच्या भाकरी, चाळीस. ज्या मॉम्स वर्किंग आहेत त्यांना सूट, ज्या घरीच असतात त्यांनी प्लीज…" प्लीज! चाळीस भाकरी आणि प्लीज! मी म्हटलं, कळव की उद्या इंटरव्ह्यू आहे. म्हणाली, "चाची, अजून लागली कुठे नोकरी? आज तर मी घरीच असते ना!" स्वतःच म्हणाली हो. दुसऱ्याने म्हटलेलं मी ऐकून घेते, पण तिने स्वतः म्हटलं ना, तेव्हा मला कसंसंच झालं.

बरं, इग्लू मुलाने केलेला दिसायला पाहिजे! इथे तर खरी पंचाईत. सार्थकने केला तर तो इग्लू दिसत नाही, उकडीचा मोदक दिसतो, बसलेला. आणि आईने केला तर? हिचा हात असा सरळ की पुठ्ठा कापला तर पट्टीला लाज वाटावी! मागच्या वर्षी मॅडमनी हेच ओळखून मार्क कापले होते. मग काय केलं? डाव्या हाताने कापलं! आठ वर्षांच्या मुलासारखं वाकडं यावं म्हणून एक डिप्लोमावाली बाई डाव्या हाताने कात्री धरून बसलीय, मध्येच सरळ कापलं गेलं की जीभ चावते, आणि पुन्हा वाकडं करते. आणि ज्याचा इग्लू तो कुठे? खाली, क्रिकेट!

सोमवार उजाडला. चाळीस भाकरी. मी गेले होते वर मदतीला, मी थापत होते, ती भाजत होती. तव्यावर पाणी फिरव, भाकरी उलट, जाळावर टाक, बोटांनी उचल. उरलीसुरली कातडी होती ती त्या तव्याने घेतली. आतून सोजराबाई, "अगं, माज्या भाकरीला तीळ लावू नगंस, दातात अडकत्यात!" साडेआठला शाळेत भाकरी पोचल्या, इग्लू पोचला, सार्थक पोचला. मग हिने आठ वर्षांपूर्वीचा ड्रेस घातला, कमरेत सेफ्टी पिन लावली, वर स्वेटर ओढला, आणि आमच्या ह्यांनी, लालमहंमदनी, गॅरेज उशिरा उघडायचं ठरवून तिला स्कूटरवर मागे बसवलं. चाकण रोडची ट्रॅफिक तुम्हाला मी काय सांगायची? ट्रेलरच्या मागे ट्रेलर, त्याच्या मागे ट्रेलर, आणि मधून आमचे हे, गल्लीबोळांतून, दहाला पाच कमी असताना गेटवर! मी घरात बसून दुआ मागतेय, या अल्लाह, एवढं एक पोरीचं होऊ दे.

आत काय झालं ते नंतर तिनेच सांगितलं. टेबलावर वीस नग मांडलेले. दौलतराव शेजारी उभे, नव्या मॅनेजरला म्हणतात, "आता बघा सर, गंमत बघा." प्राजक्ताने पहिला नग उचलला, कडेवरून बोट फिरवलं. गुळगुळीत. दुसरा, गुळगुळीत. तिसरा, चौथा, पाचवा, सगळे गुळगुळीत! आधी तिला वाटलं, माल चांगला आहे. दहावा नग तिने दोन्ही हातांत घट्ट धरून बघितला. कारण लोखंड गार लागायला हवं ना? ते गारसुद्धा लागत नव्हतं! बोटं तिची, पण त्यांना काही कळतच नव्हतं, चामड्याचा मोजा घातल्यासारखी. तिने अंगठ्याने बघितलं, करंगळीने बघितलं. शेवटी गालाला लावून बघावं असं वाटलं तिला, पण समोर सगळे उभे, लाज वाटली. वीसच्या वीस पास केले. आणि मॅनेजरने त्यातले तीन उचलून भिंगाखाली धरले. बर! चांगला उभा, आंधळ्यालाही लागेल असा!

दौलतरावांनी तिचा हात पालथा-उताणा करून बघितला. फोड आलेले, पेरं पांढरी पडलेली. "हे काय गं?" तर ही म्हणाली, "संक्रांत आहे ना साहेब." मॅनेजर बिचारा चांगला होता, म्हणाला, बरी झाली बोटं की या. पण जागा बुधवारपर्यंत भरायची होती. मी म्हटलं, "अगं, सांगायचंस ना सगळं! हलवा, भाकरी, परात!" तर म्हणाली, "काय सांगू चाची? तीन नग पास केले मी. कारण काही असो, नग तर गेले ना." आणि रडली. माझ्या स्वयंपाकघरात बसून रडली, आणि डोळे मनगटाने पुसले, बोटं झोंबायला लागली होती ना आता! आता! सोमवारी दुपारी बाराला!

घरी कुणी काय विचारलं? मालोजीराव म्हणाले, "जाऊ दे गं, झालं ते बरंच झालं, मार्चमध्ये सार्थकची परीक्षा आहे." तिसरीची! आणि सोजराबाई म्हणाल्या, "आता मोकळीच हायेस तर दागिनं ववून टाक."

ओवले हो! त्या फोडांच्या बोटांनी ओवले! मुकुट, हार, बाजूबंद, कंबरपट्टा, एवढीशी बासरी. बुधवारी बोरन्हाण झालं, मी गेले होते. पोराने दोन मिनिटांत बासरी चाटून संपवली आणि भोकाड पसरलं. बायका म्हणतात, "अगंबाई, घरी केला हलवा? काटा काय सुरेख!" आणि सोजराबाई पदर सावरत, "व्हय, आमच्याकडं पिढीजात हाय ते." पिढीजात! मी पटकन एक बोर तोंडात कोंबलं, नाहीतर तिथेच बोलले असते. प्राजक्ता कुठे होती? आत, चहा गाळत होती.

शुक्रवारी दोन फोन आले. पहिला दौलतरावांचा, जागा भरली, कुणी नागपूरकडचा मुलगा आलाय. ही "बरं साहेब, ठीक आहे साहेब" म्हणाली आणि गवार मोडायला बसली. मी तिथेच होते. तेवढ्यात दुसरा फोन, नणंदेचा. स्पीकरवर. "वहिनी, सगळ्यांनी खूप कौतुक केलं हं! फक्त… आमच्या सासूबाईंच्या लक्षात आलं, मुकुटात दोन-तीन दाण्यांना काटाच नव्हता. नाही, मी आपलं सांगितलं, पुढच्या वर्षी लक्ष ठेव."

मी म्हटलं, आता ही फोन फेकणार. खुदा कसम, मी तर चाळणी उचलली होती. पण प्राजक्ताने गवारीची शेंग मोडली, दोन्ही टोकं काढली, आणि अगदी शांतपणे म्हणाली,

"चुकून पास झाले असतील हो, ताई."