नाल्याची जाळी कोणी काढायला लावली

मी, वय ४७ वर्षे, धंदा नोकरी, प्लास्टिकच्या बादल्या बनवणाऱ्या कारखान्यात माल उतरवण्याच्या आवाराची मुकादम, राहणार खाडीलगतची कामगार वसाहत. कारखान्यात मला पाठीमागे 'फौजदारीण' म्हणतात. हे ऐकून इथले खरे फौजदार हसले, तरी ते लिहून घ्यावे, कारण सगळे मला त्याच नावाने ओळखतात. मला कोणी बोलावलेले नाही. मी आपणहून समक्ष हजर राहून जबाब देते की,

आमच्याकडे कच्चा माल टँकरने येतो. तो म्हणजे मसुरीएवढे पांढरे प्लास्टिकचे दाणे. जाड नळीने तो टाकीत खेचतात. काम झाले की ड्रायव्हर नळी सोडवून जमिनीवर आपटून झटकतो, कारण जुना दाणा आत राहिला तर पुढचा माल बिघडतो. दर खेपेला ओंजळभर दाणा सांडतो आणि त्यात कोणाला काही गैर वाटत नाही. आवारातला नाला खाडीत जातो, खाडी समुद्राला मिळते. घरी मासा चिरताना त्याच्या पोटात असलाच दाणा मी स्वतः पाहिला आहे. त्या दिवशी मला घास गेला नाही.

नवीन नियमाप्रमाणे सांडलेला दाणा कोरडाच झाडून गोळा करायचा, त्यावर पाणी मारायचे नाही आणि नाल्याच्या तोंडाला बारीक जाळी हवी. ती जाळी बसावी म्हणून मी ऑफिसात जाऊन जाऊन सगळ्यांचे डोके खाल्ले. माझे वर सांगितलेले नाव तेव्हाच पडले.

कारखान्याचा व्यवस्थापक माझा सख्खा धाकटा भाऊ आहे. आई गेल्यावर त्याला मीच वाढवले.

गेल्या मंगळवारी सकाळी टँकरची नळी जोडावरून निसटली आणि पोतीच्या पोती दाणा आवारभर पसरला. दुपारी तपासणीचे साहेब येणार होते. कोरडे झाडायला तेवढा वेळ नव्हता. माझा भाऊ म्हणाला, "पाणी मारा." मी तेव्हा फाटकापाशी वजनकाट्यावर दुसरा ट्रक घेत होते. आवार झाडणाऱ्या बाईंनी पाणी मारले. त्या माझ्या नात्यातल्या नाहीत, पण सगळे त्यांना मावशी म्हणतात. जाळी दाण्यांनी तुंबली आणि पाणी घोट्यापर्यंत चढले. माझा भाऊ ओरडला, "काढा ती जाळी!" मावशी म्हणाल्या, "साहेब, ताईंना विचारते." तो म्हणाला, "ताई घरी. इथे मी सांगतो ते व्हायचं." हे मी काट्यावरून माझ्या कानांनी ऐकले. मी धावत येईपर्यंत मावशींनी जाळी उचलली होती. नाला पांढराफटक वाहत होता. मी जाळी परत दाबून बसवली, पण बैल गेला अन् झोपा केला, त्यातली गत. तपासणीचे साहेब आले, आवार लख्ख पाहून "छान ठेवलंय" म्हणाले आणि चहा घेऊन गेले.

दुसऱ्या दिवशी ओहोटीला किनारा दाण्यांनी भरला. मासेमारी करणाऱ्यांनी तक्रार केली. त्यावर कारखान्याने आपल्याकडे लिहून दिले की, मावशींनी आपल्या मर्जीने जाळी काढली. त्यांना कामावरून कमी केले असून आता गुन्हाही त्यांच्यावरच दाखल व्हायचा आहे, असे मला कळले. चोर सोडून संन्याशाला फाशी! हे शब्द माझे आहेत, तसेच ठेवावेत.

काल माझा भाऊ घरी आला. म्हणाला, "ताई, तू काट्यावर होतीस. तुला काय ऐकू येणार?" मी म्हटले, "तू लहानपणी झोपेत कण्हलास तरी मला ऐकू यायचं." तो म्हणाला, "माझी नोकरी जाईल गं." मी म्हटले, "मावशींची गेलीच आहे. वर तुरुंग कशाला?" तो ताटावरून उठून गेला. मला वाईट वाटले. फार वाईट वाटले. पण मी त्याला हाक मारली नाही.

माझे म्हणणे असे की, मावशींनी हुकूम पाळला, हुकूम दिला नाही. त्यांचे नाव या गुन्ह्यात घालू नये. नळी झटकताना खाली पिंप ठेवण्याची सक्ती व्हावी आणि जाळीला कुलूप लागावे. तपासणीच्या साहेबांनी आवार पाहू नये, नाल्याचे तोंड पाहावे. माझी नोकरी गेली तरी मी कोर्टात हेच सांगेन.

जबाब लिहून घेणाऱ्या साहेबांनी मला समजावले की, "बाई, नातं लिहायची गरज नाही, नुसतं 'व्यवस्थापक' पुरे. उद्या तुम्हालाच जड जाईल." त्यांनी तसे लिहिलेही होते. जबाब मला मोठ्याने वाचून दाखवला. बाकी सर्व मी सांगितले तसे बरोबर आहे. जिथे जिथे नुसते 'व्यवस्थापक' असे लिहिले होते, तिथे ते खोडून 'माझा भाऊ' असे करून घेतले आहे आणि प्रत्येक दुरुस्तीशेजारी मी स्वतः सही केली आहे.